हादराताई

वाऱ्याने बधिर झालेल्या बोटांनी तिने भूकंपमापकाच्या पेटीचा चौथा स्क्रू सैल केला, झाकण बाजूला ठेवले आणि बॅटरी बदलण्याआधी पडद्यावरच्या नोंदी पाहिल्या. कालच्या दिवसात चौसष्ट धक्के. माणसाला जाणवतील असे त्यात दोनच. बाकीचे यंत्रालाच कळणारे. पण निरीक्षण केंद्रातल्या नकाशावर मागच्या आठवड्यात ते आठ किलोमीटर खोल दिसत होते, आता पाचांवर आले होते.

ही पेटी बसवली तेव्हा बर्फाची कड इथून हातभर अंतरावर होती. जागा तिच्या वडिलांनीच दाखवली होती. गिर्यारोहकांना डोंगरावर नेण्यात त्यांचा जन्म गेला. आता कडेपर्यंत पोचायला अर्धा तास चढावे लागे. मधला सगळा डोंगर ओला, करडा, उघडा पडला होता.

केंद्रात परतून तिने साहेबांपुढे आकडे ठेवले. बर्फाचे ओझे उतरले की खालच्या खडकावरचा दाब घटतो, जुन्या भेगा सरकू लागतात, तापलेला शिलारस वरची वाट धरतो आणि झोपलेला ज्वालामुखी जागा होतो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. तिला ते त्यांनीच शिकवले होते. समिती सोमवारी बसेल, तोवर बाहेर चकार शब्द नको, असे ते म्हणाले. आणि मागच्या वेळचे विसरलीस का, असेही विचारले.

विसरणार कशी? तीन वर्षांपूर्वी तिच्या शब्दावर डोंगराखालची वस्ती अकरा दिवस बाहेर राहिली होती. काहीच झाले नाही. धाकट्या भावाच्या अतिथिगृहाचा ऐन हंगाम बुडाला, समोरच्या दुकानदाराचा सगळा माल नासला, आणि परतलेल्या लोकांनी तिचे नाव ठेवले, हादराताई.

त्या दुपारी तिचे कशात लक्ष लागेना. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो गार झाला. शेवटी तिने चार कपडे बॅगेत कोंबले आणि खालच्या वस्तीतले भावाचे घर गाठले.

भाऊ पडवीवर पत्रा ठोकत होता, वडील खाली बाकावर काठी धरून बसले होते. साहेबांचा शब्द मोडून तिने सगळे सांगितले. भाऊ हसेल असे तिला वाटले होते. तो हसला नाही, शिडीवरून उतरला, आणि तेच तिला जड गेले.

"तारीख सांग," तो म्हणाला.

"तारीख नाही सांगता येत."

"मग काय सांगायला आलीस, ताई?"

वडीलच मध्ये बोलले.

"जाडजूड माणूस उठला की गादी वर येते. एवढा बर्फ उठून गेला, जमीन काय गप्प पडून राहणार?"

भावाने मान हलवली, पण घरात नऊ पाहुणे होते, शनिवारपर्यंतचे. एकदा तुझं ऐकलं, असे काही तो म्हणाला नाही. हातोडी उलटसुलट करत राहिला.

"मग मीही इथेच राहते," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"तू निघशील तोवर."

भावजयीने मागची खोली झाडून दिली.

सकाळी गाडीच्या आवाजाने तिला जाग आली. समोर दुकानदार आणि त्याची बायको टेम्पोत गाद्या चढवत होते. ते दोन धक्के त्यांना जाणवले असणार. शेजारच्या बाईनेही एक ट्रंक पायरीवर आणून ठेवली होती. निदान दोन घरे तरी निघाली. तिचा जीव जरा भांड्यात पडला आणि ती खिडकीशी आली. दुकानदाराने तिला पाहिले, हात वर केला, मग बायकोकडे वळला.

"उतरव गं सगळं. हादराताईच बॅग घेऊन राहायला आलीय. ती इथे झोपली म्हणजे काही नाही."

एकेक करून गाद्या परत आत गेल्या. शेजारच्या बाईनेही थोडा वेळ पाहिले आणि ट्रंक ओढत घरात नेली.

ती खिडकीशी तशीच उभी राहिली. घसा फोडून सांगितले तेव्हाही शेवटी तिचे हसे झाले होते. आणि आता ती नुसती झोपली, तर सगळ्यांचा विश्वास बसला होता. तिने बॅग भरली. एक बाही चेनमध्ये अडकली, ती तशीच राहू दिली.

स्वयंपाकघरात भाऊ पाहुण्यांसाठी अंडी तळत होता. आता कुठे, असे त्याने विचारले. समोर काय घडले ते तिने एका दमात सांगितले. टेबलाशी बसलेल्या वडिलांनी घास संपवला, तोंड पुसले आणि टेबलाखालून आपले डोंगरचे बूट ओढले. मागच्या वेळी सगळी वस्ती गेली तरी ते एकटे घरात राहिले होते. पोलिसांनी हात जोडले, तरी हलले नव्हते. आता वाकून ते नाड्या बांधत होते, एक गाठ, तिच्यावर दुसरी.

भावाने त्या बुटांकडे पाहिले. मग हात लांब करून गॅस बंद केला.

"मागच्या वाटेने जाऊ, बाबा," ती म्हणाली. "जवळ पडेल."

"नको. दुकानावरून जाऊ." ते काठी न घेता उठले. "आणि सावकाश चाल. लोकांना नीट दिसू दे."