पाच मिनिटांचं मौन

नॉर्वेतल्या बर्गनचा माणूस छत्री उघडत नाही. वारा ती उलटी करून हातात देतो. त्यामुळे १९७४च्या त्या सकाळी एइनार छत्री घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला, तेव्हाच मला कळलं, अमेरिकेने याला पुरता बिघडवलाय. अकरा वर्षांपूर्वी 'दोन वर्षांत येतो' म्हणून गेला होता. पत्रं यायची, पण त्यांत नुसते आकडे. गुनवोर, तू कशी आहेस, एवढी एक ओळ काही त्याच्या पेनातून उतरली नाही.

आताही तो आकड्यासाठीच आला होता. मूत्रपिंडात रक्तवाहिन्यांच्या बाहेर किती प्रथिन असतं, ते आम्ही दोघांनी मिळून मोजलं होतं. तिकडच्या लोकांना तो आकडा फार मोठा वाटत होता. म्हणून माझ्याच हातून एकदा पुन्हा मोजून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने परत, असा बेत त्याने पत्राने आधीच कळवला होता. आकडा जुळला नाही, तर मात्र चूक शोधायला आठवडाभर राहणार होता.

पद्धत साधी आहे. उंदराला आदल्या दिवशी खूण लावलेलं प्रथिन टोचायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते झिरपून वाहिन्यांच्या बाहेरही पसरतं. मग भूल देऊन वेगळ्या खुणेचं प्रथिन टोचायचं आणि बरोबर पाच मिनिटांनी मूत्रपिंडाच्या देठाला, म्हणजे त्यात जाणाऱ्या-येणाऱ्या रक्तवाहिन्यांना, दोरा बांधायचा. तेवढ्या वेळात हे दुसरं प्रथिन वाहिन्यांच्या बाहेर पडत नाही. पहिल्यातून दुसरं वजा केलं, की उरतं ते बाहेरचं. त्या पाच मिनिटांत कोणी तोंड उघडायचं नाही, हा नियम एइनारचाच.

पहिली सुई मी आदल्या दिवशीच टोचून ठेवली होती. आता दुसरी टोचली, घड्याळ चालू केलं. एइनार घड्याळाकडे पाठ करून बसला होता. दोन मिनिटांनी त्याने स्वतःचाच नियम मोडला.

"मी परत येईन, असं वाटायचं तुला?"

उत्तर द्यायला नको होतं. दिलं.

"पहिली पाच वर्षं रोज. मग फक्त रविवारी."

"रविवारी मलाही वाटायचं," तो म्हणाला आणि तिकडच्या रविवारांबद्दल सांगत राहिला. रिकामं घर, दुकानातला गुळमट पाव, आम्ही डब्यात वाटून खायचो त्या तपकिरी चीजची आठवण. पत्रांत न लिहिलेलं सगळं. मी ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं. घड्याळाकडे लक्ष गेलं, तेव्हा साडेआठ मिनिटं झाली होती. मी मुकाट्याने दोरा बांधला.

दुपारी आकडा आला तो जुन्याच्या जेमतेम निम्मा. का, ते मला ठाऊक होतं. जास्तीच्या वेळात दुसरं प्रथिनही बाहेर झिरपलं होतं आणि वजाबाकी नको तेवढी झाली होती. एइनारचा चेहरा पार उतरला.

"पाच मिनिटं बरोबर झाली होती ना?"

हो म्हटलं असतं, तर आठवडा माझा होता. सात दिवस, आणि त्यात एक रविवार. असा मोह मला जन्मात झाला नव्हता. पण आमचंच काम खोटं ठरवून याला अडकवून ठेवायचं? दोरा मूत्रपिंडाला बांधतात, माणसाला नाही.

"साडेआठ," मी म्हणाले. "आपण बोलत बसलो."

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि दुसरा उंदीर आहे का, म्हणून विचारलं. होता. मी कायम दोन तयार ठेवते. त्या दिवशी पहिल्यांदाच मला माझ्या नीटनेटकेपणाचा राग आला.

या वेळी तो घड्याळासमोर बसला. तिसऱ्या मिनिटाला त्याने माझ्याकडे पाहिलं, ओठ उघडले. तो एक शब्द जरी बोलला असता, तरी मी दोरा खाली ठेवला असता. पण त्याची नजर काट्याकडे गेली आणि ओठ मिटले.

आकडा तंतोतंत जुना आला. एइनारने माझे दोन्ही हात धरून आभार मानले आणि सकाळी ठरल्या विमानाने गेला.

वहीत मी लिहिलं: वेळ पाच मिनिटं, कोणी बोललं नाही.