कपड्याला नाही, अंगाला

अत्तर कपड्याला लावायचं नसतं, हे मला श्रीपतींनी एकोणतीस वर्षं सांगितलं. मी ऐकलं नाही. ऐकून घेणं हा माझा स्वभावच नाही. भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. पाण्याचा पंप बंद पडला की सेक्रेटरीच्या आधी मला खाली बोलावतात, कारण पंपवाला माझ्या तोंडाला घाबरतो.

श्रीपती माझे यजमान. पोस्टात नोकरी, मूळचे परभणीकडचे, अतिशय मऊ माणूस. कधी विडी नाही, पान नाही. शौक एकच, खसचं अत्तर. आणि तो शौकही नोकरीसारखा शिस्तीत. अंघोळ झाली, अंग पुसलं, की अंग कोमट असतानाच बाटलीच्या बुचाची काचेची काडी मनगटावर टेकवायची. ते मनगट दुसऱ्या मनगटाला नुसतं लावायचं, घासायचं नाही. घासलं की अत्तर मरतं म्हणे. मग दोन्ही कानांच्या मागे एकेक बोट, उरलेलं गळ्याखाली. कानाच्या घडीत कापसाचा फाया मात्र फक्त पौर्णिमेला, कारण पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात वंदना असायची. पांढरा शर्ट, कानात फाया, भांग नीट. मी म्हणायची, "वंदनेला चाललात की वरातीला?" ते नुसते हसायचे.

ते रिटायर झाले तेव्हा आमच्या संपदाने बापासाठी चांगला महागाचा स्प्रे आणला. यांनी चष्मा पुसून डबीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि डबी परत तिच्या हातात ठेवली. "यात अल्कोहोल आहे, बेटा. पाचवं शील तोंडाने म्हणायचं आणि तीच दारू काखेत मारायची?" लेकीने कपाळावर हात मारला. अत्तरात दारूचा थेंब नसतो, नुसतं तेल असतं, म्हणून ते अत्तर. माझ्या हाताला त्यांनी एकदाच लावून पाहिलं. तासाभरात ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला. म्हणाले, "तुझ्या रागाने करपलं." त्यांच्या अंगावर मात्र तेच अत्तर असं काही उतरायचं की जिन्यात पाऊल पडायच्या आधी मला कळायचं, आले.

गेल्या आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते बसले ते बसलेच. कप सांडलासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी मी घर धुवायला काढलं. दुःख झालं की लोक रडतात, मी धुते. चादरी, उशीचे अभ्रे, त्यांची माकडटोपी, लुंग्या, रुमाल, सगळं गरम पाण्यात घालून खसाखसा धुतलं. संपदा म्हणाली, "आई, राहू दे ना काहीतरी." मी तिलाच ओरडले. जलदान विधी झाल्यावर कपडे वाटूनही टाकले. महिनाभराने दारामागच्या खुंटीवरचा टॉवेल काढला तर त्याच्याखाली त्यांच्या शेवटच्या पौर्णिमेचा पांढरा शर्ट. न धुतलेला. मी तो नाकाला लावला आणि तिथेच जमिनीवर बसले. खस होता, घाम होता, लाल साबण होता, आणि त्या सगळ्याच्या खाली श्रीपती होते.

शर्ट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला. रोज दुपारी जेवण झालं की गाठ सोडायची, एक श्वास घ्यायचा, पुन्हा गाठ. दिवसाला एकच. मला वाटलं, असं जपून वापरलं तर जन्मभर पुरेल. पण सहाव्या महिन्यात वास पातळ झाला. सातव्यात तर नाक कॉलरमध्ये खुपसून बसलं तरी नुसता कपडा.

तेव्हा मी ती चूक केली. त्यांची बाटली अर्धी भरलेली होती. मी कॉलरला दोन थेंब लावले, काखेत दोन, बाह्यांना एकेक. आणि काय सांगू, खोली भरून गेली. चार दिवस मी सुखात होते. पाचव्या दिवशी गाठ सोडली आणि लक्षात आलं की हा नुसता खस आहे. दुकानातला खस, कुणाचाही. श्रीपती त्याच्याखाली नव्हते. मी आणखी शोधत राहिले, आणखी दोन थेंब घातले, आणि कॉलरवर पिवळा तेलकट डाग तेवढा पसरला. जे थोडंफार उरलं असेल, ते मी माझ्या हाताने बुडवलं होतं. त्या दिवशी मी रडले. सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि शेजारणीला ऐकू जाईल असं.

दुसऱ्या दिवशी शर्ट घेऊन मीरारोडला गेले. नयानगरच्या एका गल्लीत त्यांचं नेहमीचं अत्तराचं दुकान होतं, चार माणसं उभी राहिली की भरणारं. म्हाताऱ्या चाचांनी मला ओळखलं नाही, पण बाटली ओळखली. श्रीपती गेल्याचं सांगितलं तर त्यांनी गल्ला बंद केला. मग शर्टाचा वास घेतला.

"कपडे पे क्यूँ डाला, भाभी?"

"गलती हो गया," मी म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून कुठल्याच भाषेत सहसा निघत नाहीत.

"देखिए, अत्तर तो आधा है. आधा आदमी का बदन है. बदन की गर्मी से वो खुलता है, हर किसी पे अलग. कपडे पे सिर्फ मेरा माल रहेगा, साहब नहीं रहेंगे."

"तो अब?"

"कभी कभी घरवालों पे वैसा ही उतरता है. बेटा है?"

"बेटी. उसको लगाके देखा कल. मेरे ऊपर गई है." काल रात्रीच संपदाला विरारहून बोलावून दोन्ही मनगटांना अत्तर लावलं होतं. तेच ओलं पोतं.

"तो उनके भाई पे लगाके देखिए."

"भाई नहीं है उनको," मी म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते बाटली पुसायला लागले, पुसलेलीच.

भाऊ होता. धाकटा, महिपत. आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, खारीगावात राहतो. पण नऊ वर्षं मी त्याचं नाव घरात काढू दिलं नव्हतं. माझ्या सासूबाई, जाईबाई, बारा वर्षं माझ्याकडे होत्या. माझं आणि त्यांचं भांड्याला भांडं लागायचं, पण त्यांचं हगणं-मुतणंसुद्धा मी काढलं. शेवटी महिपत म्हणाला, आठ दिवस आईला माझ्याकडे नेतो. नेलं, आणि सहाव्या दिवशी त्या तिथे गेल्या. पहाटे तब्येत बिघडली, आणि आम्हाला फोन आला सगळं संपल्यावर. मला शेवटचं पाणी पाजता आलं नाही. स्मशानात चार बायका म्हणाल्या, बघा, शेवटी धाकट्या सुनेच्याच मांडीवर गेली. मी सगळ्यांसमोर महिपतला म्हणाले, "आजपासून माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही." श्रीपती बाजूलाच उभे होते. खाली बघत होते.

महिपतने ते शब्द पाळले. श्रीपती गेले तेव्हाही तो सरळ स्मशानात आला, गेटपाशी उभा राहिला, तिथूनच गेला. मी म्हटलं, बघा किती मस्ती आहे, भावाच्या घरी यायला जमलं नाही.

आता त्याच माणसाकडे जाऊन काय म्हणायचं? तुझा हात दे, मला वास घ्यायचाय? विधवा वहिनीने दिराला असं म्हणावं? चार दिवस मी स्वतःशी भांडले. मी स्वतःशी भांडले तरी आवाज चढतो. पाचव्या दिवशी, रविवारी, बाटली पर्समध्ये टाकली आणि रिक्षा केली. लाज गेली तर गेली, पण एकदा, फक्त एकदा मला तो वास हवा होता.

दार राजश्रीने उघडलं, महिपतच्या बायकोने. मला पाहून ती दोन पावलं मागे सरकली. मग म्हणाली, "या ना ताई. हे अंघोळ करतायत, येतीलच." खुर्चीवरचे वाळलेले कपडे तिने घाईने उचलले. मी पर्स मांडीवर घट्ट धरून वाक्य जुळवत बसले होते.

आतलं दार वाजलं आणि श्रीपती खोलीत आले.

दुसरं कसं सांगू? मी मान वर केली नव्हती. खस, लाल साबण, आणि त्याच्याखाली ते, जसेच्या तसे. माझा हात आपोआप डोक्यावरचा पदर सारखा करायला गेला, ते बाहेरून आले की जायचा तसा. मग मान वर केली. खांद्यावर टॉवेल टाकून महिपत उभा होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. नऊ वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं.

"वहिनी?" तो म्हणाला, आणि मनगटं टॉवेलखाली लपवली, चोरी पकडली गेल्यासारखी.

"हे अत्तर कुठून आणलंस?"

तो राजश्रीकडे बघायला लागला. ती म्हणाली, "सांगा आता. आता काय लपवताय?"

"दादा द्यायचा," महिपत म्हणाला. "दर पौर्णिमेला विहारातून सुटला की मीरारोडला चाचांच्या दुकानात यायचा. मी पण जायचो. बाजूला चहा प्यायचो, अर्धा-पाऊण तास बसायचो. आईच्या गोष्टी, संपदाच्या गोष्टी. अत्तर एकच घ्यायचो, अर्धं त्याच्या बाटलीत, अर्धं माझ्या."

"किती वर्षं?"

"आई गेली तेव्हापासून. एक पण पौर्णिमा चुकवली नाही त्याने. शेवटची पण नाही."

म्हणून चाचा माझ्याकडे तसे बघत होते. मी त्यांना सांगितलं होतं, भाऊ नाही; आणि त्यांच्या दुकानात दोघे भाऊ नऊ वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहत होते. म्हणून पौर्णिमेला यांना घरी यायला नऊ वाजायचे. मी ताट आपटायची, "विहारात झाडू मारत बसला होता काय?" ते म्हणायचे, वंदना लांबली. माझ्याशी आयुष्यात एकही खोटं न बोललेला माणूस, असं मी जगाला सांगत फिरते. महिन्याला एक खोटं तो माझ्याशी बोलत होता, आणि ते मीच त्याच्याकडून बोलवून घेत होते.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

महिपत समोरच्या पलंगावर बसला. "मी पण म्हणायचो त्याला, दादा, सांगून टाक वहिनीला. तर म्हणायचा, थांब जरा, तिचा राग उतरू दे. पुढच्या पौर्णिमेला सांगतो. दर वेळी तेच, पुढच्या पौर्णिमेला." त्याने टॉवेलने डोळे पुसले. "मला अजून दादाच्या फोटोला हार घालायचाय, वहिनी. तुम्ही नको म्हणालेल्या ना, म्हणून आलो नाही."

राजश्रीने चहा आणून ठेवला. महिपतने मनगटं आता लपवली नव्हती. वास खोलीभर होता, ज्याच्यासाठी मी आले होते तोच, आणि मला तो घेववत नव्हता.

"ये," मी म्हणाले. "आजच ये. राजश्रीला पण घेऊन ये."

त्याने हळूच विचारलं, "राग उतरला का वहिनी?"

मी चहाचा कप उचलला. काय सांगणार? तो राग कधीच उतरला होता. सासूबाईंच्या दुसऱ्या स्मृतिदिनापर्यंतसुद्धा टिकला नव्हता. महिपतला जेवायला बोलव, एवढं श्रीपतींनी एकदा म्हणावं, म्हणून मीच सात वर्षं वाट बघत होते.