येथे राहतात

आमच्या गावात दारावर नुसतं आडनाव लावून कुणाचं समाधान होत नाही. 'येथे राहतात' असं लिहून त्याखाली नवरा, बायको, पोरं आणि कुत्र्यामांजरांपर्यंत सगळ्यांची नावं कोरून घ्यायची, ही इथली हौस, आणि याच हौसेवर दौवेचं दुकान आणि माझं पोट चालतं. लेझरचं यंत्र दौवे सांभाळतो. वर पांढरं आणि आत निळं असं दुपदरी प्लास्टिक असतं. किरण फिरला की वरचा पदर जळून आतली निळी अक्षरं उघडी पडतात आणि जळाल्याची चिकट काजळी सगळ्या पाटीवर बसते. ती काढायचं काम माझं. कोमट पाणी, थेंबभर साबण, मऊ दातब्रश आणि धीर. स्पिरिटनं झटपट होईल असं नवख्याला वाटतं, आणि मग पाटीभर केसासारख्या भेगा पडतात.

मला हे काम मनापासून आवडतं. काळ्या राडीतून एकेक नाव उजळत वर येतं, तेव्हा मातीत खेळून आलेल्या पोराला आंघोळ घातल्यासारखं वाटतं.

"जगाच्या पाट्या धुतेस आणि स्वतःच्या दाराला पाटी नाही," दौवे कॉफी ओतताना चिडवायचा. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, रिन्स्के."

"आधी दुसरं बिस्किट काढ, चिकट माणसा, मग पाटीचं बघू."

खरं कारण वेगळं होतं. माझा नवरा हाये आणि मी कालव्याकाठचं घर घेऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आमची पाटी मी तिसऱ्या नावासाठी अडवून ठेवली होती. डॉक्टरांनी हात टेकले, हायेनं तो विषय सोडून दिला, माझी आशा मात्र सुटेना.

अशात योरिट आणि वेल्मुट या नव्या जोडप्याची पाटी आली. नावं दोनच होती, पण घासता घासता खाली तिसरं निघालं, सिब्रेन. मला वाटलं, दौवेनं घोळ घातला. योरिटबरोबर पाटी न्यायला आलेली वेल्मुट आधी पांढरीफटक पडली आणि मग नवऱ्याच्या गळ्यात पडून हसत सुटली.

"तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही अजून आईलासुद्धा सांगितलं नाहीये!"

हिवाळ्यात योरिट बडीशेपेच्या निळ्या गोळ्या पसरलेले टोस्ट घेऊन आला, मुलगा झाल्याचे. दौवेनं ते एकामागून एक हाणले. "यंत्राला कळतं बघ," तो तोंडभर घास घेऊन म्हणाला. मीही हसले, पण त्या दिवसापासून प्रत्येक पाटी जरा जास्तच वेळ घासू लागले.

पुढची गंमत मला तितकी रुचली नाही. शाळेतल्या हिल्याबाईंच्या पाटीवर नवरा, मुली आणि शेवटी पुक, म्हणजे त्यांचा कुत्रा, अशी नावं होती. ती कोरताना मी पाहिली होती. काजळी निघाली तेव्हा पुकच्या जागी कोरं पांढरं प्लास्टिक होतं, नख अडकेल एवढा ओरखडासुद्धा नव्हता. मी बाईंची माफी मागितली, पुकचं नाव पुन्हा कोरून देते म्हटलं.

"कोण पुक?"

"तुमचा कुत्रा."

"अगं, आमच्याकडे कुत्रा कधी होता?" म्हणत त्या खळखळून हसल्या आणि पाटी काखेत मारून निघाल्या. त्यांच्या काळ्या विजारीला गुडघ्यापर्यंत पिवळे केस चिकटले होते.

"हिल्याकडे कुत्रा?" दौवे म्हणाला. "रिन्स्के, आज कॉफी जरा कडक झाली वाटतं."

मला भीती वाटली, नाही असं नाही. पण आशेपुढे भीतीचं काय चालतं! त्याच आठवड्यात मी आमची पाटी कोरायला लावली, आम्हा दोघांच्याच नावांची. सकाळी हायेनं मला सायकलवर मागे बसवून दुकानाशी सोडलं, गार नाक माझ्या गालाला लावलं आणि "पाटी न्यायला मीच येतो" असं सांगून गाणं गुणगुणत गेला.

दुपारी मी पाटी पाण्यात घातली. हायेचं नाव निघालं, माझं निघालं, दोन्ही कशी खोल, निळीशार. मग त्याखालच्या काजळीत काहीतरी हललं आणि 'नी' दिसलं. मी एकटीच मोठ्यानं हसले. नीन्के! मुलगी झाली तर हेच, असं मी मनाशी ठरवलं होतं, हायेलाही न सांगता. पुढची अक्षरं उकलू लागले तशी माझ्या नावावर नजर गेली. ते फिकट झालं होतं. नख फिरवून पाहिलं, जेमतेम अडकत होतं. ब्रश थांबवला की ते तसंच राही, आणि नीन्केही अर्धी काजळीत राही. हात तसाच वर धरून मी कितीतरी वेळ उभी होते, साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. शहाणी बाई थांबली असती. मी ब्रश पुन्हा साबणात बुडवला.

पाटी पुसून कोरडी केली तेव्हा तिच्यावर दोन नावं होती, मधे जराही मोकळी जागा न सोडता, नीट मध्यभागी बसलेली.

दारावरची घंटी वाजली. हाये आत आला. त्याच्या कडेवर लाल टोपीतली, जेमतेम वर्षाची मुलगी होती. बाहेर त्याच्या सायकलवर, सकाळी मी बसले होते तिथे, लहान मुलाची खुर्ची बसवलेली होती.

"नमस्कार. हाये नावानं पाटी टाकली होती, झाली का?"

"ही काय, आरशासारखी!" दौवे म्हणाला. "आमच्या रिन्स्केनं धुतलीय."

"वा, छान झालीय," हाये माझ्याकडे पाहून हसला, दुकानातल्या बाईकडे पाहून हसतात तसा. एवढ्यात नीन्के पुढे झुकली, माझं ओलं बोट तिनं मुठीत गच्च धरलं आणि दुसरा हात पसरून माझ्याकडे येण्यासाठी धडपडू लागली. मी तिला घेतलं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

हायेला कौतुकही वाटलं आणि थोडा संकोचही.

"कमाल आहे," तो म्हणाला, "अनोळखी माणसाकडे ही कधी जात नाही हो."