अळूखालचा दगड

तुळशीनं आदल्या संध्याकाळी अळूच्या वाफ्यात, बिळाच्या तोंडाशी चुलीतली राख पसरून ठेवली होती. सकाळी उठल्या उठल्या ती पदर खोचून तिथं जाऊन बसली. गेला महिनाभर परसाची पार दैना झाली होती. रताळी कुरतडलेली, पपईचं रोप आडवं, आणि काल तर सून नेत्राचा पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला.

"साप असंल," दात घासत उभा असलेला कल्पेश म्हणाला. तुळशीचा हा मुलगा मोबाईलवर बघून सगळं ठरवणारा. बिळाची माती काही त्यानं कधी हातात घेतली नव्हती.

कुंपणापलीकडून शेजारचा हिरामण वाकला. "साप कुटला? साप माती उकरत नाय. घोरपड असती तं राखंत शेपूट वढल्याची रेघ आली असती. ह्यो ताज्या मातीचा ढीग बग, ह्यी बोटं बग. घूस हाय, वयनी."

"मंग गोळी टाकतो ना," कल्पेश म्हणाला. "नायतर पाईप लावून पानी सोडतो, वरून सिमेंट. खल्लास. टेन्शन नाय." एवढं बोलून तो अंबरनाथला कंपनीत निघून गेला.

तुळशी मोकळी माती हातानं बाजूला सारायला लागली आणि बोटाला काहीतरी कडक लागलं. काळं पडलेलं छोटंसं कडं होतं. तिनं ते पदराला घासलं. चांदीचा वाळा, तान्ह्या पोराच्या पायातला. एक टोक आत वळलेलं, त्यावर दाताची खूण. ते टोक पोरीला टोचत होतं म्हणून तुळशीनंच दातानं वळवलं होतं.

कल्पेशच्या आधी तिला मुलगी झाली होती, माया. दात यायच्या आतच तापानं गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर ती उकरायला जाते, असं जुनी माणसं म्हणत. नवरा हरिचंद्र पोरीला फडक्यात गुंडाळून अंधार पडताना बाहेर पडला होता. कुठं ठेवलीस म्हणून तुळशीनं पुष्कळ विचारलं, तेव्हा एकदाच म्हणाला, "नदीवर." तेव्हापासून दरवर्षी ती उल्हास नदीच्या काठी जाऊन वाटीभर दूध ओतून यायची. तो मुकाट्यानं सोबत चालायचा, आणि परत आला की अळूच्या वाफ्यातल्या सपाट दगडावर तंबाखू मळत बसायचा. रोज संध्याकाळी तिथंच. घरात ओटी असून हा माणूस चिखलात का बसतो म्हणून तिनं जन्मभर त्याची टर उडवली.

तो गेला. दिवाळीत कल्पेशनं नेत्राला कपडे धुवायला म्हणून तो दगड उचलून नळापाशी नेला. दगड कशावर होता हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. खालची भुसभुशीत माती घुशीला मिळाली. आणि तुळशीनं इतकी वर्षं त्याच वाफ्यात खरकटं पाणी ओतलं होतं, तिथल्याच अळूचं फदफदं सणाला रांधून पानात वाढलं होतं.

संध्याकाळी जमिनीखालून बारीक आवाज यायला लागला. रडल्यासारखा. तो आधीही यायचा, पण आता तिनं मातीला कान लावला.

"नेत्रा, तुला ऐकू येतंय काय गो?"

"काय, आई?"

"काय नाय. जा, कुकर लाव."

कल्पेश सिमेंटची गोणी घेऊन आला. तुळशी वाफ्यात आडवी उभी राहिली. "गोळी नाय, पानी नाय. मी पिंजरा लावते."

"आये, तू पन ना! उद्यापर्यंत नाय गावली तं मी बुजवनार."

हिरामणचा पिंजरा आणून तिनं आत सुकट लावली. सकाळी घूस सापडली होती, चांगली मांजराएवढी. केस फिसकारून तारा चावत होती.

"राहू दे तशीच," कल्पेश निघताना म्हणाला. "आल्यावर बुडवतो."

तुळशी पिंजऱ्यापुढं बसून राहिली. घूस उताणी धडपडली तेव्हा तिला तिची दुधानं भरलेली आचळं दिसली. जमिनीखालचं रडणं अजून चालूच होतं, कालच्यापेक्षा जोरात.

"आई, आता मला पन येतंय ऐकू," मागून नेत्रा म्हणाली. "पिल्लं आहेत आत."

मग तुळशीनं सुनेला सगळं सांगितलं. वाळा दाखवला. नेत्रा नळापाशी गेली, दगडावरचा साबण धुतला आणि एकटीच तो लोटायला लागली. दोघींनी मिळून दगड वाफ्यात आणून बिळाच्या कडेला ठेवला. तुळशीनं पिंजऱ्याचं तोंड बिळाकडं केलं आणि झडप उचलली. घूस दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं खालचं रडणं थांबलं.

कल्पेश आला, सिमेंट कालवून घमेलं उचलून परसात गेला. तुळशी दगडावर बसली होती.

"ऊठ, आये. पिंजरा कुटं गेला? तू सोडलीस काय तिला? लोकं हसतील."

तुळशीनं तळहात पुढं केला. "तुझी बहीन हाय हितं. तुझा बा रोज तिच्याजवळ बसायचा. मला मेल्यानं नदीवर धाडलं."

कल्पेशनं वाळा हातात घेऊन पाहिला. त्यानं घमेलं खाली ठेवलं. "आन् घूस?"

"तिची पोरं मोठी झाली की जाईल. मंग दगड सारू वर."

सिमेंट वाया जाऊ नये म्हणून त्यानं त्याच संध्याकाळी नळापाशी नेत्रासाठी धुण्याचा नवा ओटा केला.

घरात आता अळू बाजारातून येतो. दिवेलागणीला तुळशी दगडावर जाऊन बसते. खालून आवाज येतो. तो कुणाचा हे तिला चांगलं ठाऊक आहे. तरी ती मातीवर हात ठेवून म्हणते, "गप, बाय. हाय मी हितं."