वासाचा किडा आणि कुमाझोच्या घरातला बर्फ

मी वासाचा किडा बोलतोय. नाक धरू नका. घाबरलो नाही, तर मी वास सोडत नाही.

उत्तर जपानच्या डोंगरात एका पानाखाली माझा जन्म झाला. पाचदा कात टाकली तेव्हा कुठे पंख फुटले. मग गारठा पडला आणि आम्ही शेकडोंनी म्हाताऱ्या कुमाझोच्या लाकडी घरात शिरलो.

"बाबा, उशीतसुद्धा किडे!" त्याची सून चिजुरू ओरडली. तिला सातवा महिना होता. नवरा सेइजी दूर शहरात बांधकामावर गेलेला. चिरडलं की घरभर वास सुटतो, म्हणून ती आम्हाला चिकटपट्टीवर अलगद टिपायची. माझी शेजारीण माझ्या देखत गेली. मी पडद्याच्या चुणीत दडलो.

कुमाझो भरलेल्या पट्ट्यांकडे बघतच राहिला.

"सूनबाई, उद्याच खाली माहेरी जा."

"का? माझ्या हातचं खारट लागतंय वाटतं?"

"एवढे किडे मी एकदाच पाहिलेत. त्या वर्षी बर्फ छपराला टेकला होता. तुझ्या सासूला कळा सुरू झाल्या आणि सुईण वाटेत अडकली. सेइजीच्या आधीचं ते बाळ हाती लागलं नाही."

चिजुरूने हातातली पट्टी खाली ठेवली. "पण रेडिओ म्हणतो, यंदा बर्फ बेताचाच."

"रेडिओ डोंगरात राहत नाही."

"आणि तुमचं जेवण?"

"तांदूळ आहे, मुळ्याचं लोणचं आहे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुसऱ्या दिवशी ती बसने गेली. मी थक्क झालो. आम्ही नुसते उबेला आलो होतो. बर्फ म्हणजे काय, हेही मला ठाऊक नव्हतं!

मग तो आला. आठ दिवस आवाज न करता पडत राहिला. खिडक्या बुजल्या, भरदुपारी घरात निळसर अंधार झाला. बस बंद झाली. एवढं अफाट काही जगात असेल, असं मला वाटलंच नव्हतं. आणि त्या अफाटासमोर एक वाकलेला म्हातारा रोज फावडं घेऊन छपरावर चढायचा.

एका दुपारी फोन वाजला. कुमाझो माडीच्या खिडकीतून धडपडत आत आला.

"मुलगी? दोघी बऱ्या आहेत ना?"

फोन ठेवून तो शेगडीपाशी बसला आणि हमसून रडला. मी उबेला सरकलो होतो. त्याने मला पाहिलं, पण पट्टी उचलली नाही.

"तुला रे कसं कळलं?" त्याने विचारलं.

मी नुसत्या मिशा हलवल्या.

बर्फ वितळला, बस सुरू झाली आणि आज चिजुरू परतली आहे. बाळाची करंगळी माझ्याहून जेमतेम मोठी, पण त्या चिमुरडीने आजोबांचा अंगठा असा धरलाय की त्यांना उठता येईना.

खिडकी उघडी आहे. येतो मी. पुढच्या थंडीपर्यंत मी नसेन, पण माझी पिल्लं येतील. त्यांना खुशाल हाकला. फक्त बर्फाबद्दल विचारू नका. बिचारी गोंधळतील.