बोबड्या डॉक्टरांची बाटली

वडील गेल्यावर दातांचा दवाखाना लेकीकडे आला. खुर्ची आली, पकडी आल्या आणि तळाला गेलेली अर्काची एक बाटली आली. लवंग आणि अक्कलकाऱ्याचा अर्क. इंजेक्शनआधी मुलांच्या हिरडीला लावला की जागा बधिर व्हायची. कृती कुठेही लिहिलेली नव्हती. तिने सगळ्या डायऱ्या पालथ्या घातल्या. वडिलांनी अर्धवट सोडवलेली शब्दकोडी तेवढी सापडली. शेवटी तिने बाटली कपाटात कुलूपबंद केली आणि विकतचं जेल वापरू लागली.

"ताई, ते औषध आहे," दवाखान्यातल्या मदतनीस मावशी म्हणाल्या. "अस्थी नाहीत."

त्या दिवशी खुर्चीत सात वर्षांची मुलगी होती, गाल टम्म सुजलेला. दाढ आज निघाली नाही, तर उद्या मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन काढावी लागणार होती. जेल दिसताच तिने ओठ मिटले. बोट आत घातलं, तर कडकडून चावली.

"बोबडे डॉक्टर कुठायत?"

"वारले."

"मग त्यांचं औषध?"

मावशी छताकडे बघू लागल्या. लेकीने कपाटाचं कुलूप काढलं.

"आधी तू," मुलगी म्हणाली. "ते आधी स्वतःच्या जिभेला लावायचे."

लावायचेच. मग लाळ गाळत, जड जिभेने दातांच्या निगेवर गंभीर व्याख्यान झोडायचे. पोरं आ वासून हसली की सुई आत. "तुम्ही डॉक्टर आहात की विदूषक?" असं लेकीने त्यांना कितीदा सुनावलं होतं.

अर्क कापसाच्या दोन बोळ्यांपुरताच उरला होता. एक तिने मुलीची हिरडी कोरडी करून तिथे दाबला. दुसरा स्वतःच्या जिभेवर फिरवला. आधी झणझणलं, मग जीभ परक्याची झाली.

"थोंड उघल," ती म्हणाली. लाळ हनुवटीवरून थेट ॲप्रनवर.

मुलगी खदखदून हसली. सुई गेली. थोड्या वेळाने दाढही निघाली.

खोली रिकामी झाल्यावर ती बाटली धरून बसली. डोळ्यांत पाणी, तोंडातून लाळ; आधी काय पुसावं कळेना.

"आणा इकडे, धुते," मावशी म्हणाल्या. "नव्या अर्काला लागेल."

तिने डायऱ्यांच्या ढिगाकडे हताशपणे हात केला.

"त्यात काय असणार, कपाळ? वीस वर्षं खलबत्त्यात कुटलं कुणी? तुमच्या वडिलांनी? ते नुसते चाखायचे."

"तांगितलं का नाई?"

"विचारलंत कधी?" म्हणत मावशींनी नळ सोडला.