मागे राहिलेली पात

पुण्याला डिझाइन शिकायला गेले तेव्हा गावाला वाटलं, पोरगी साड्यांचं डिझाइन करणार. व्हिडिओ गेम बनवते म्हटल्यावर शेजारचे किसनराव म्हणाले, "त्याच्यासाठी पुण्याले जा लागते का? आमचे पोट्टे त घरीच दिवसभर खेळून राह्यले." दोन वर्षांत उत्तरं द्यायची हौस फिटली आहे.

शेवटच्या सत्राचा गेम आईजवळ बसून संपवावा म्हणून मी वरवट बकालला आले होते. सोमवारी तो परीक्षकांना दाखवायचा होता आणि गेममध्ये काही राम नव्हता. दिसायला देखणा होता, हे खरं. कपाशीचं पानन् पान मी रंगवलं होतं. काळ्या मातीच्या भेगांपायी पंधरा दिवस गेले होते. सहा बाया निंदायला बसतात, प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे वाट्याची ओळ. बटण दाबून तण उपटायचं, कपाशीला धक्का लावायचा नाही, वेळेच्या आत बांध गाठायचा. पहिली पोचेल ती जिंकली.

माझे मार्गदर्शक आल्हाद सर दोन मिनिटं खेळले आणि त्यांनी लॅपटॉप परत केला. "चित्रं सुंदर आहेत, महामाया. पण मी हे दुसऱ्यांदा का खेळू?"

महिनाभर तोच प्रश्न डोक्यात घोंघावत होता. नापास झाले तर आणखी सहा महिने पुणे, आणि तेवढा जीव आता माझ्यात नव्हता. वर्गातल्या सगळ्यांचं आटोपलं होतं. रेवतीला तर नोकरीही लागली होती. ग्रुपवर मी मदत मागितली, तर अकरा जणांनी अंगठे पाठवले. अंगठ्यांनी गेम होत असता तर आणखी काय हवं होतं!

गेम ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाच खेळायला दे, असं सर म्हणाले होते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आई कामावरून आली, तिनं हातपाय धुतले, तशी तिला लॅपटॉपपुढे बसवलं. पंचवीस वर्षं ती लोकांची वावरं निंदते आहे.

"या बटणानं तण निघते. या बाणानं पुढं जाचं," मी सांगितलं.

"आन हा मागचा बाण?"

"मागं जाचं कामच नाही."

पाच मिनिटांत तिचा हात बसला. एकाही कपाशीला धक्का न लावता ती सगळ्यांच्या पुढे निघाली. मी वही उघडून बसले. बांध दोन हातांवर आला आणि ही माउली थांबली. वळली. सगळ्यात मागच्या बाईपाशी गेली आणि तिच्या पातीतलं गवत उपटायला लागली. ते निघेना, कारण तसं मी लिहिलंच नव्हतं. वेळ संपली. पडद्यावर 'हरलात' आलं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

माझं टाळकं सरकलं. "आई, थे खोटी बाई हाय! तू जिंकली पायजे म्हणून मीच तिले हळू ठेवलं!"

"हाव. पण तिची पात राह्यली ना. थे वावरात एकटी, आन आपण बांधावर पाणी पेत बसाचं?" पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "तू पोटात होती तवा माही पात रोज मागं राहे. कोण्या बाईनं मले एकटीले नाही सोडलं."

हे मला ठाऊक होतं. बांधावर बसून लहानपणी रोज पाहिलं होतं. पुढे पोचलेल्या बाया वळायच्या आणि मागे राहिलेलीची पात दुसऱ्या टोकाकडून निंदत तिच्याकडे यायच्या. मधे कुठेतरी गाठ पडायची, मग सगळ्या मिळून पाणी प्यायच्या. पहिल्या वर्षी मी त्या वळत्या बायांची अठ्ठेचाळीस रेखाटनंही केली होती. मग जिंकणं-हरणं शिकले आणि ती फाइल तशीच बिनरंगाची पडून राहिली. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेपेक्षा दमल्यासारखं जास्त वाटलं, कारण आता सगळं नव्यानं जुळवायचं होतं, दोन दिवसांत.

"नाही होत माह्याच्यानं," म्हणून मी लॅपटॉप मिटला. रडूही आलं. आई उठली, चहा ठेवला, कप माझ्यापुढे सरकवला.

"काय काय राह्यलं?"

मी फाइल उघडून दाखवली. "हे सारे रंगवाचे हायेत. तेच लय वेळ खाते. बाकीचं जुळवता येईन."

तिनं पदराला हात पुसले आणि लॅपटॉपला जोडलेली माझी रंगवायची पाटी मांडीवर ओढली. पेन उलटं धरलं होतं, ते मी सुलटं करून दिलं. पहिल्याच साडीचा हिरवा रंग रेषेबाहेर गेला. तिनं तो पुसायला लावला आणि परत भरला, या खेपेला नीट.

"शेवटचं कोणतं हाय?" तिनं विचारलं.

"अठ्ठेचाळिसावं. काऊन?"

"थे काढून दे मले. तू तिकडून ये, मी इकडून येते."

मी तिला अठ्ठेचाळिसावं काढून दिलं, आणि मोबाइलवर माझ्यासाठी पहिलं उघडलं.